पिरनवाडीपुढची बोन्साय नर्सरी: अर्धं झालेलं झाड घ्या, कुंडी घ्या, कटर मात्र घेऊ नका

वाढदिवसाला कुणाला तरी द्यायला गोंडस झाड पाहिजे असेल तर इथं जायचं काही कारण नाही. तसलं झाड शहरात कुठंही मिळतं, पांढऱ्या कुंडीत, वर रंगीत खडे चिकटवलेलं. इथं नर्सरीवाले मामा पहिला प्रश्न विचारणार, "घरात ठेवणार का बाहेर?" तुम्ही "टीव्हीच्या शेजारी" म्हणालात की विषय संपला. माझ्यासमोर एका जोडप्याला त्यांनी असं रिकाम्या हातानं परत पाठवलंय. बाईंनी झाड ठेवायच्या जागेचा फोटोसुद्धा मोबाइलमध्ये काढून आणला होता. मामांनी तो नीट बघितला आणि म्हणाले, "जागा झ्याक हाय. प्लास्टिकचं घ्या."

नर्सरीचं नाव मुद्दाम देत नाही. मामांचीच अट आहे. "लिहा की काय लिहायचं ते, नाव तेवढं नको. माणसं नुसती बघायला येत्यात आणि शेंडे मोडून जात्यात." शोधायला मात्र अवघड नाही. बेळगावातनं उद्यमबाग ओलांडून खानापूर रस्त्याला लागायचं, पिरनवाडी मागं पडली की लाल मातीचा एक फाटा आत जातो, तिथं हिरव्या जाळीचं शेड दिसतं. फलक कन्नडमध्ये आहे आणि त्यावर फक्त 'नर्सरी' एवढंच. बोन्सायचा उल्लेख कुठंच नाही, त्यामुळं बरेच लोक गुलाबाची कलमं मागायला आत येतात. ती पण मिळतात, पुढच्या बाजूला. मागचं कुंपण ओलांडलं की खरा कारभार सुरू.

माझं उद्यमबागेत टर्निंग-मिलिंगचं, म्हणजे मशीनवर धातू कापून घडवायचं, लहानसं शेड आहे, जॉबवर्क करतो. घराच्या गच्चीवर कुंड्या आहेत, बायकोच्या मते गरजेपेक्षा जास्त. झाडांचं शास्त्र मी शिकलेलो नाही, पण एखाद्या वस्तूवर हात किती फिरलाय ते बघायची सवय धंद्यानं लावलीय. हे सगळं त्याच नजरेनं लिहितोय.

आधी भावाचं बोलू, कारण पहिला झटका तिथंच बसतो. मागच्या फळीवर वीतभर उंचीची एक चिंच आहे, भाव 9000. तिच्या शेजारी कमरेएवढं नांद्रुक (वडाच्याच कुळातलं झाड), 2500. कुणीही नवा माणूस हेच विचारणार की लहान झाड महाग आणि मोठं स्वस्त असं कसं? मामांचं उत्तर ठरलेलं आहे, "मोठं पायजे तर बांधावर हाय की, फुकट." माणूस चिडून जातो. मला मात्र हे लगेच पटलं, कारण आमच्याकडं गिऱ्हाईक तळहातावर मावणारा बुश, म्हणजे मशीनचा लहानसा सुटा भाग, घेऊन येतं आणि "एवढ्याशा तुकड्याला एवढे पैसे?" म्हणतं. लोखंडाच्या वजनाचे पैसे कोण घेतो? मशीन किती तास चाललं त्याचे घेतो.

त्या चिंचेचं खोड बुडाला अंगठ्याच्या दुप्पट आहे आणि शेंड्याकडं निमुळतं होत काडीएवढं झालंय. निसर्गात असा निमुळता बुंधा व्हायला मोठं झाड लागतं. वीतभरात तो आणायचा तर एकच रस्ता आहे. रोप मोकळं वाढू द्यायचं, बुंधा जाड झाला की बुडाजवळ कापायचं, फुटलेल्या कोंबातला एक ठेवून त्याला शेंडा करायचं, तोही जाड झाला की थोडा वर कापायचा. प्रत्येक कापाला दोन-तीन वर्षं जातात, आणि चिंच तर मुळातच सावकाश वाढणारी. मामांनी कुंडी फिरवून मागची बाजू दाखवली. खोडावर एकाखाली एक बुजलेल्या कापाच्या खुणा होत्या, खालच्या जवळजवळ गायब, वरच्या अजून ताज्या. झाड घेताना हे लक्षात ठेवा, कुठल्याही नर्सरीत. पुढची बाजू सगळेच दाखवतात. मागून बघायचं आणि खुणा मोजायच्या. खुणाच नसतील आणि झाड 'वीस वर्षांचं' म्हणून विकत असतील तर नमस्कार करून बाहेर पडा.

तरीसुद्धा माझं मत असं की इथलं तयार झाड घेऊ नका. मामा तयार झाडाचा भाव जरा मनात येईल तसा सांगतात. ज्या झाडात जीव अडकलाय त्याचा असा सांगतात की ते कुणी घेऊच नये. घ्यायचं तर अर्धं झालेलं घ्या, ते 1500 ते 4000 च्या दरम्यान मिळतं. त्यावर पहिले दोन-तीन काप मामांचे असतात, म्हणजे जिथं नवा माणूस घोळ घालतो तो भाग उरकलेला असतो, आणि फांद्यांचं काम तुमच्यासाठी शिल्लक असतं. कच्चं रोप 200 पासून मिळतं, पण त्यासाठी इथपर्यंत यायची गरज नाही. पावसाळ्यात कुठल्याही जुन्या भिंतीवर फुकट उगवतं ते.

जात कुठली, असं विचाराल तर बेळगावात पहिलं झाड नांद्रुक. पान लहान, काप लवकर भरतो, झाड चार महिन्यांची रिपरिप सोसतं आणि डिसेंबरातल्या पहाटेच्या थंडीत नुसतं थोडं मंदावतं. वडाचा मोह सगळ्यांना होतो, मलाही आहे, पण वडाचं पान मुळातच तळहाताएवढं. जोमात असलेल्या झाडाची सगळी पानं खुडली की पुढची लहान येतात हे खरं, तरी फूटभर झाडाला शोभतील इतकी लहान काही होत नाहीत. वडाला मोठीच कुंडी आणि मोठंच झाड पाहिजे, दोन माणसांनी उचलायचं. आणि बाजारात जे फुगीर, गाजरासारख्या मुळांचं 'बोन्साय' मिळतं तेही नांद्रुकच. वर बारीक पानाच्या दुसऱ्या जातीचं कलम बांधलेलं असतं. आवडलं तर जरूर घ्या, पण पुढं त्याचं घडवण्यासारखं फार काही नसतं. मामा ते ठेवत नाहीत.

ज्युनिपर नावाचं सूचिपर्णी झाडही ठेवत नाहीत. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण फोटोत 'जपानी बोन्साय' म्हणून हमखास तेच असतं आणि लोक तेच मागतात. ज्युनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं. प्रदर्शनातून हौसेनं आणलेलं झाड महिन्याभरात पिवळं पडतं आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. बऱ्याचदा ते विकत घेतलं तेव्हाच गेलेलं असतं. त्यात ते घरात ठेवलं तर विचारूच नका, त्याला उघडं ऊन आणि वारा लागतो. मामांचं म्हणणं, "जे जगेल याची मला खात्री न्हाई ते मी इकत न्हाई." धंदेवाल्याच्या तोंडी हे वाक्य मी फारसं ऐकलेलं नाही.

आता ज्यासाठी मी स्वतः जातो ते, म्हणजे कुंडी बदलून घेणं. झाड तुमचं कुठूनही आणलेलं असो, लहान कुंडीला 300 आणि मोठीला 700, मातीसकट. झाड ठेवून जा म्हणतात. जाऊ नका, बसून बघा. त्या बघण्यातच पैसे वसूल होतात.

माझ्या एका नांद्रुकात पाणी मुरेना. वरून घातलं की तळ्यासारखं साचून राहायचं. जूनच्या पहिल्या पावसानंतर घेऊन गेलो, कारण वड-पिंपळाच्या जातीचं काम मामा उन्हाळी वाढ सुरू झाल्यावरच हातात घेतात, थंडीत शिवत नाहीत. त्यांनी कुंडी आडवी केली, कडेनं सुरी फिरवली आणि झाड अलगद बाहेर घेतलं. मुळांनी कुंडीच्या भिंतीला धरून गोल गोल वेटोळी घातली होती आणि मध्यभागी जुनी माती लादीसारखी बसलेली. मग एकाच आकड्याचं लोखंडी हत्यार घेऊन त्यांनी खोडापासून बाहेरच्या दिशेनं मुळं विंचरायला सुरुवात केली. घाई नाही. मधूनमधून पाण्याचा फवारा, मुळं सुकू नयेत म्हणून. गाठ आली की ओढायचं नाही, आकडा खालून घालून सोडवायची. खाली सरळ गेलेलं एक बोटभर जाड मूळ कापलं, पांढरा चीक टपटप गळला, त्यावर हळद दाबली. बारीक तंतूमुळं जेवढी राखता येतील तेवढी राखली. एकूण तिसरा हिस्सा गेला असेल.

मग झाड डोळ्यासमोर धरून फिरवत म्हणाले, "ह्याला ह्या अंगाला पाय न्हाई."

पाय म्हणजे खोडाच्या बुडातून मातीवर पसरणारी मुळं. चारी बाजूंनी पसरली की झाड जमिनीत रोवल्यासारखं दिसतं, नाहीतर खुंटी मारल्यासारखं. माझ्या झाडाला डाव्या बाजूला मूळच नव्हतं. त्यांनी शेडमागून मंगलोरी कौलाचा एक सपाट तुकडा आणला, खोडाच्या बुडाशी लावला, मुळं त्याच्यावर हातानं पसरली आणि सुतळीनं बांधून टाकलं. कौलामुळं मुळांना खाली जाता येत नाही, आडवंच पळावं लागतं. डाव्या बाजूची साल सुरीनं जरा खरवडली, तिथनं नवीन मूळ फुटावं म्हणून.

"किती दिवसांत फुटंल?" मी.

"दिवस? दोन वर्सांनी कुंडी काढू तवा बघू."

फुटलं. दोन निघाली, त्यातलं एक जरा वरच्या अंगाला आहे, त्याचं पुढच्या खेपेला बघू म्हणालेत.

कुंडीत बसवतानाची एक गोष्ट मला धंद्यामुळं फार भावली. कुंडीच्या भोकांतून तांब्याची तार वर काढून तिनं मुळांचा गड्डा आवळून बांधतात. झाड वाऱ्यानं डुलत राहिलं तर नवीन तंतू तुटत राहतात आणि ते रुजत नाही, हे कारण. बांधून झालं, बांबूच्या काडीनं मुळांच्या फटीत माती ढोसून झाली, की मामांनी खोड धरून झाड उचललं. कुंडी त्याच्याबरोबर वर आली. जराही हलली नाही. तिथंच मी पैसे दिले. पुढं तीन आठवडे सावली आणि महिनाभर खत बंद, एवढंच पथ्य.

मातीचं काय वापरतात हे प्रत्येकजण विचारतो, म्हणून सांगतो. परदेशात अकाडामा नावाची जपानी दाणेदार माती वापरतात. आपल्याकडं मागवली तर झाडापेक्षा मातीच महाग, आणि आपल्या पावसात तिच्या दाण्याचा काही वर्षांत चिखल होतो. मामा वापरतात कौलाचा चुरा. खानापूर म्हणजे चिकणमातीचा मुलूख, विटा-कौलं तिथली जुनी, मामांची उमेदीची वर्षंसुद्धा कौलाच्या कारखान्यात गेलेली. आता स्लॅब आल्यावर जुनी घरं पाडतात तेव्हा कौलं उकिरड्यावर जातात, ती हे ट्रॉली भरून आणतात. कुटून दोन चाळण्यांतून काढतात. गव्हापेक्षा बारीक असेल ते फेकायचं, हरभऱ्यापेक्षा मोठं ते परत कुटायचं. धूळ पूर्ण धुऊन टाकायची, कारण तीच खाली बसून भोक बंद करते. त्यात चौथा हिस्सा कुजलेलं पानखत, थोडी जाड वाळू. भाजलेल्या मातीचा दाणा पाणी पितो पण फुटत नाही, आणि दोन दाण्यांमध्ये हवा राहते. मुळाला पाण्याइतकीच हवा लागते, हे कुंडीतल्या झाडाचं निम्मं शास्त्र आहे. हा मसाला 40 रुपये किलोनं सुटाही मिळतो. घरी कुटायचा विचार करत असाल तर करू नका, शेजाऱ्यांशी भांडण होतं.

कुंड्याही खानापूरच्या मातीच्या. खानापुरात खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे, तालुक्यात हे काम शिकलेले हात अजून सापडतात. मामा लांबट आणि अंडाकृती ट्रे घडवून घेतात, साध्या विटकरी रंगाचे, आतून बिनझिलईचे, पायाला उंची दिलेली म्हणजे पाणी खालून वाहून जावं. 150 ते 900. चिनी झिलईच्या कुंड्यांपुढं दिसायला ओबडधोबड आहेत, पण नांद्रुकाच्या राखाडी खोडाखाली विटकरीच शोभतो, निळ्या झिलईकडं उगाच नजर जाते. दोष सांगायचा तर भट्टीचा ताव कमी असतो. स्टोनवेअरची, म्हणजे पक्क्या भाजणीची, कुंडी साधारण 1200 अंशाला भाजतात, ही त्यापेक्षा बरीच खाली. त्यामुळं पाणी झिरपतं, बाहेरून पांढरा खार धरतो, पावसाळ्यात शेवाळ येतं आणि कडेला जरा धक्का लागला की टवका उडतो. बर्फ पडणाऱ्या देशात असली कुंडी एका हिवाळ्यात तडकली असती. आपल्याकडं तो प्रश्न नाही. घेताना बोटानं वाजवून घ्या, बद्द आवाज आला तर दुसरी मागा.

तारेचं काम हल्ली मामांची सून करते. हे मी ठळकपणे लिहितोय, कारण लोक "मामांनीच करायला पाहिजे" म्हणून हट्ट धरतात. मामांची दृष्टी आता बारीक फांदीला पुरत नाही आणि सूनबाईंचा हात त्यांच्यापेक्षा चांगला आहे, हे मामा स्वतः सांगतात. फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी तार, पंचेचाळीस अंशात, दोन वेढ्यांतलं अंतर सारखं, कुठं एक तार दुसरीवर चढलेली नाही. मी कॉइल गुंडाळणारी माणसं बघितलीत, इतकं सारखं मशीनशिवाय येत नाही. तार ॲल्युमिनियमची पण आहे, पण तांब्याचं काम बघायचं तर सकाळी लवकर जा. तारेची वेटोळी शेणीच्या जाळात टाकून अंधुक लाल होईपर्यंत तापवतात आणि पाण्यात बुडवतात. पोलाद असं बुडवलं तर कडक होतं, तांबं उलट मऊ पडतं. ती मऊ तार फांदीभोवती वळवली की वळवण्यानंच पुन्हा ताठ होते आणि फांदी धरून ठेवते. हे आम्ही आयटीआयला पुस्तकात वाचलं, या बाईंना बोटांनी कळलंय. फांदीमागे पैसे नाहीत, झाडामागे 500 ते 2000. पावसाळ्यात नांद्रुक इतकं जोरात वाढतं की तार महिन्याभरात सालीत रुतते, म्हणून तीन आठवड्यांनी झाड परत आणायला सांगतात, काढायचे वेगळे पैसे नाहीत. ते टाळू नका. रुतलेल्या तारेचा वळ वर्षानुवर्षं जात नाही.

आता हत्यारं. इथं मामांशी माझं जमत नाही. काउंटरवर कॉन्केव्ह कटर टांगलेत, 1400 रुपयांना. काम चांगलं असतं त्याचं. साध्या कात्रीनं फांदी कापली की खुंट उरतो, यानं कापलं की जागेवर खोलगट वाटी पडते, साल चारी बाजूंनी आत येते आणि जखम खोडाच्या पातळीला भरते, उंचवटा राहत नाही. पण हे जे टांगलेत ते नुसते नावाचे. उजेडासमोर धरून जबडा मिटलात तर मधे फट दिसते, म्हणजे फांदी कापली न जाता चेंगरणार. खिळ्यात खेळ आहे, म्हणजे ढिला आहे. खिशातली कानस पात्यावर हळूच घासून बघितली, तर धातू खाल्ला गेला. चांगल्या कडक पात्यावर कानस नुसती घसरायला पाहिजे. मामांना दाखवलं. ते म्हणाले, "मी माझा वापरतो, हे गिऱ्हाइकासाठी." मामांचा स्वतःचा कटर कुणीतरी जपानहून आणून दिलेला आहे, मूठ झिजून गुळगुळीत झालेली आणि धार बघाल तर आजही केस कापेल. म्हणजे फरक त्यांना पुरता कळतो. जो माणूस मरणारं ज्युनिपर विकत नाही त्यानं मऊ कटर विकावा हे मला पटत नाही आणि हे मी त्यांना तोंडावर बोललोय. नवशिक्यांनी सुरुवातीला चांगली छाटणीची कात्री आणि एक धारदार चाकू घ्यावा, वर्षभर पुरतं. कटर घ्यायचाच झाला तर पैसे साठवून एकदाच चांगला घ्या, आणि कार्बन स्टीलचा असेल तर जून ते सप्टेंबर तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा. बेळगावच्या हवेत गंज एका रात्रीत चढतो.

झाडं येतात कुठून, हाही प्रश्न विचारा. शहापूर-वडगावची जुनी घरं रस्तारुंदीत किंवा वाटण्या होऊन पडतात तेव्हा मामांना फोन येतो. भिंतीच्या सांदीत उगवलेलं नांद्रुक किंवा पिंपळ पंचवीस-तीस वर्षं चुन्या-मातीवर कसंबसं जगलेलं असतं, मुळं दगडाच्या फटीत चपटी झालेली, खोड पिळलेलं. माणसाला ठरवून असं करता येणार नाही. दोन दगड काढून ते सोडवायचं काम जेसीबी यायच्या आधी उरकावं लागतं. जंगलातून उपटून आणलेलं खोड मात्र ते दारात घेत नाहीत. खानापूर तालुक्यात रान उदंड, भीमगड अभयारण्य तिथंच, आणि पोत्यात गुंडाळून बुंधे विकायला आणणारे महाभाग असतात. एकदा एकजण आला होता तेव्हा मामांनी त्याला चहा पाजला आणि वनखात्याच्या कचेरीचा पत्ता दिला. तो चहा अर्धा टाकून गेला.

पिंपळ घेताना घरी विचारून घ्या, एवढंच सुचवतो. आमच्या आईनं माझा पिंपळ बघून दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. शेवटी तो गच्चीच्या पार कोपऱ्यात, जिन्याच्या दारापलीकडं, म्हणजे 'घरात नाही' अशा जागी ठेवायचा तह झाला. वडाचं उलट आहे. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मामांकडं गल्लीगल्लीतनं बायका येतात, कुंडीतला वड एका दिवसासाठी न्यायला. भाडं घेत नाहीत, 500 अनामत. एकच अट की दोरा सैल गुंडाळायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचा. बाजारात तोडून आणलेल्या फांद्यांच्या मोळ्या विकायला बसतात त्यापेक्षा हे कितीतरी बरं. काही झाडं परत येताना मुळाशी हळदी-कुंकवाचा चिखल घेऊन येतात, मग सूनबाईंची दिवसभर धुलाई.

शेडच्या अगदी आत, जिथं 'विकाऊ नाही' असं खडूनं लिहिलंय, तिथं एक जुनं नांद्रुक आहे. पारंब्या मातीपर्यंत उतरून खोडं झालीत. बेळगावच्या पावसाळी दमटपणात पारंबी सुटते खरी, पण हवी तिथं सुटत नाही, आणि सुटलीच तर मातीपर्यंत पोचायच्या आत ऑक्टोबरच्या उन्हात सुकते. मामा शीतपेयाची नळी उभी चिरून पारंबीला घालतात, आत ओलं शेवाळ भरतात, तिच्यातून ती सुरक्षित खाली येते. शेजारी भिंतीवर वर्तमानपत्रातलं एक कात्रण लॅमिनेट करून लावलंय, वॉशिंग्टनमधल्या एका पांढऱ्या जपानी पाइनचं. यामाकी नावाच्या घराण्यानं ते 1625 पासून वाढवलं. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते तिथून साधारण 3 किलोमीटरवर त्यांच्या आवाराच्या भिंतीआड होतं आणि वाचलं. 1976 साली त्यांनी ते अमेरिकेला भेट दिलं, पण बॉम्बचं काही बोलले नाहीत. 2001 मध्ये त्या घराण्यातली नातवंडं ते झाड बघायला गेली तेव्हा हे तिथल्या लोकांना कळलं. मामांना या गोष्टीतलं बॉम्बचं कौतुक नाही. "1625 पासून रोज पाणी घालायला घरात कोण तरी हुतं," एवढंच ते म्हणतात. त्यांचा मुलगा बेंगळूरला आहे, सून मात्र इथं राहिली, आणि हल्ली चाव्या तिच्याकडं असतात.

मैसूरच्या दत्तपीठातली किष्किंधा मूलिका बोन्साय बाग मी बघितलीय. तिथली मांडणी आणि स्वच्छता इथं अपेक्षू नका. इथं पायवाट चिखलाची, डास भरपूर, बसायला उलटी केलेली क्रेट. झाडांना चिठ्ठ्या नाहीत, सगळं मामांच्या डोक्यात. उन्हाळ्यात गावाला जाताना झाडं सांभाळायला ठेवता येतात, महिन्याला झाडामागे 60 रुपये, आणि पाणी खरोखर वेळेवर मिळतं. पण तुमच्या कुंडीवर नाव तुम्हीच ऑइलपेंटनं घालून न्या. मी ठेवलेल्या झाडांतलं एक परत घेताना दुसऱ्याच कुणाचं मिळालं, माझ्यापेक्षा चांगलं होतं, तरी परत केलं. एक-दोन कुंड्यांत गोगलगायीही घरी आल्या.

पैसे फोनवरून चालतात, कार्ड चालत नाही. फोन उचलतीलच असं नाही. कामाची यादी सूनबाईंच्या वहीत लिहून घेतात, जूनमध्ये महिनाभराची रांग असते, म्हणून मेच्या शेवटालाच नाव घालून ठेवा.

आणि दुपारी एक ते चार जाऊ नका. जपानमध्ये टोकियोच्या भूकंपानंतर माळ्यांनी 1925 च्या सुमाराला ओमिया नावाचं गावच बोन्सायसाठी वसवलं. तिथं राहायचं तर घरात किमान दहा बोन्साय पाहिजेत आणि दार येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी सदा उघडं पाहिजे, असा नियम होता. हे मी मामांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "धा झाडांचं बरोबर हाय. पर दार सदा उघडं? मग ती माणसं झोपायची कवा?"